अंथरूण, ऋण आणि सण

१० मार्च २०२५. दुपारी अजित पवार यांनी अर्थमंत्री म्हणून राज्याचा अर्थसंकल्प विधानसभेत मांडला आणि रात्रीच्या जेवणाआधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड येऊन पडला. राज्यावर ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज होणार, म्हणजे तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या डोक्यावर सत्तर हजारांच्या वर. खाली लाल अक्षरांत म्हण: अंथरूण पाहून पाय पसरावे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी अंगठा दिला. बी विंगमधून उत्तर आलं की हे कर्ज राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत आहे, पंजाबचं चाळीसच्या पुढे गेलंय, उगाच घाबरवू नका. दोघांकडे आकडे होते आणि दोघांचेही बरोबर होते. मग टँकरचा विषय निघाला आणि कर्ज मागे पडलं.

मला ते मागे टाकता आलं नाही. का, ते पुढे सांगतो. मी भाषणाची पीडीएफ उतरवून घेतली आणि ठाणे-ऐरोली लोकलमध्ये चार-पाच दिवस वाचत राहिलो. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं, आता दुसऱ्यांचा कोड दुरुस्त करून पोट भरतो. पण लांबलचक मजकुरात काय लिहिलंय यापेक्षा काय कुठे लिहिलंय हे पाहायची सवय या कामाने लावली. त्या सवयीने हे भाषण वाचलं आणि मला ते साहित्याच्या एका प्रकारासारखं दिसायला लागलं. त्या प्रकारावर मराठीत कुणी समीक्षा करत नाही, हे जरा नवलच आहे. दरवर्षी छापला जातो, लाखो लोकांच्या आयुष्यावर परिणाम करतो, आणि आपण त्यातले फक्त 'काय स्वस्त, काय महाग' वाचतो.

या प्रकाराचे काही ठरलेले नियम आहेत. सुरुवातीला महापुरुषांना वंदन. मधेमधे कवितेच्या ओळी, त्यावर बाकं वाजणं. मग घोषणा. या भाषणात आग्र्याला शिवाजी महाराजांचं स्मारक आहे, संगमेश्वरला संभाजी महाराजांचं आहे. रस्ते, बंदरं, विमानतळ आहेत. प्रत्येक वाक्याचा काळ भविष्य: उभारण्यात येईल, राबवण्यात येईल, प्रस्तावित आहे. कर्ता कुठेच नाही, सगळं कर्मणी. आणि शेवटाकडे, श्रोते थकल्यावर, हिशेबाचे आकडे. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी. महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी. घोषणांना पानंच्या पानं मिळतात, तुटीला दोन-चार वाक्यं. आमच्याकडे एखाद्याने रिलीज नोट अशी लिहिली, म्हणजे नवी फीचर्स वर आणि माहीत असलेले बग तळाशी बारीक अक्षरात, तर त्याला निदान कुणीतरी विचारतं.

आता ती म्हण. अंथरूण पाहून पाय पसरावे. ऐकायला शहाणपणाची, पण सरकारला लावली की फसते. माझा पगार हे माझं अंथरूण, ते मी मनात आलं म्हणून लांब करू शकत नाही. सरकार करू शकतं. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी जास्त मिळतील असा अंदाज सांगितला. एका बैठकीत अंथरूण एवढं लांबलं! शिवाय सरकार निवृत्त होत नाही, म्हातारं होत नाही. जुनं कर्ज फेडायला नवं काढतं, आणि राज्याचं उत्पन्न व्याजापेक्षा वेगाने वाढत राहिलं तर कर्ज आकड्याने वाढूनही प्रमाणाने घटतं. जपानचं कर्ज त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे आणि जपान चालू आहे. त्यामुळे 'प्रत्येकाच्या डोक्यावर सत्तर हजार' हे वाक्य मला लेखन म्हणून वाईट वाटतं. ते खोटं नाही, पण त्यातून भीतीपलीकडे काहीच कळत नाही.

बी विंगचं उत्तर मात्र मला जास्त खटकलं, कारण ते शहाणं होतं. १९ टक्के कशाचे? राज्यातल्या सगळ्यांच्या उत्पन्नाचे. त्यात माझा पगार आहे, खोपटच्या नाक्यावरच्या वडापाववाल्याची कमाई आहे, पुण्याच्या कारखान्यांचं उत्पादन आहे. हे सगळं सरकारच्या तिजोरीत येत नाही. सरकारच्या हाती येते ती महसुली जमा, आणि तिच्याशी ताडून पाहिलं तर कर्ज होतं जवळपास एक वर्ष आठ महिन्यांच्या कमाईइतकं. हेही ऐकून घाबरायचं कारण नाही. आमच्या टीममध्ये गृहकर्ज घेतलेला प्रत्येक जण याहून खोल आहे. पण त्या कर्जाचं व्याज वर्षाला ६५ हजार कोटींच्या आसपास जातं, म्हणजे जमा होणाऱ्या प्रत्येक रुपयातले साडेअकरा पैसे. वेतन आणि निवृत्तिवेतन धरलं की अर्ध्याहून जास्त रुपया कुठलाही निर्णय घेण्याआधीच संपतो.

मराठीत दुसरी एक म्हण आहे, ती मात्र हिशेबनिसाने बनवल्यासारखी अचूक आहे. ऋण काढून सण. पहिली म्हण किती खर्च केला ते विचारते. ही विचारते की उसने आणलेले पैसे कशावर गेले. अर्थसंकल्पाच्या भाषेत हीच महसुली तूट: रोजचा खर्च भागवायला काढलेलं कर्ज. वरचे दोन आकडे शेजारी ठेवा. १ लाख ३६ हजार कोटींच्या तुटीतले ४६ हजार कोटी महसुली. उसन्या पैशातला दर तिसरा रुपया पूल, धरण, शाळेची इमारत यांवर न जाता वर्षाच्या आत खर्चून संपणार. २००५ साली महाराष्ट्राने वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला तेव्हा ही महसुली तूटच शून्यावर आणायची होती. आता भाषणात ती आकडा म्हणून येते, तिची खंत कुठे येत नाही.

इथे ग्रुपवरचे काका म्हणतील, बघा, लाडकी बहीण! मीही म्हणालो असतो. योजनेला त्या वर्षासाठी ३६ हजार कोटी ठेवले होते. पण ती उद्या सकाळी बंद केली तरी जवळपास १० हजार कोटींची महसुली तूट उरतेच. आणि दुसरं म्हणजे, सण कोणता आणि पेरणी कोणती हे खात्याच्या नावावरून कळत नाही. हे मला माझ्या घरावरून ठाऊक आहे.

मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा राज्याची योजना होती, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलांची निम्मी ट्यूशन फी सरकार भरायचं. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. माझी फी सरकारने भरली ती महसुली खर्चात. शिकून मी जो कर भरतो तो कुठल्याही पुलाच्या टोलपेक्षा नियमित आहे, पण हिशेबात मी पूल नाही. मी सणच. एखाद्या चौकातलं शिल्प भांडवली खर्चात बसू शकतं आणि त्याच चौकातल्या शाळेतल्या शिक्षिकेचा पगार महसुली. तेव्हा 'महसुली तूट वाईट, भांडवली खर्च चांगला' हे वाक्यही मी आता जपून वापरतो.

पण फीची गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या वर्षी कॉलेजने (नाव सांगत नाही) सांगितलं, सरकारकडून पैसे आलेले नाहीत, पूर्ण फी भरा, आले की परत करू. बाबांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. पैसे आले, मी तिसऱ्या वर्षाच्या शेवटाला पोचल्यावर. पाटल्या सुटल्या, मधलं व्याज गेलं ते गेलं. त्या वेळी मला वाटलं, कॉलेज लुच्चं आहे, सरकार ढिसाळ आहे, आपलं नशीब. भाषण वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं की त्या दीड वर्षात राज्याचं कर्ज जेवढ्याने कमी दिसलं, तेवढ्याने आमचं वाढलं होतं.

हे कसं, ते जरा सांगतो, कारण सगळी मेख इथे आहे. आपल्याकडे सरकारी हिशेब रोखीवर चालतो. पैसा तिजोरीतून गेला तर खर्च, नाही गेला तर खर्च नाही. बिल येऊन पडलंय, काम झालंय, विद्यार्थी शिकतोय, पण पैसे दिले नाहीत, तर त्या वर्षीच्या तुटीत ते दिसत नाही. राज्याने रोखे विकून उचललेले हजार कोटी कर्ज म्हणून मोजले जातात. कंत्राटदाराचे थकवलेले हजार कोटी मोजले जात नाहीत. बँकेचं व्याज तो कंत्राटदार भरतो, आणि त्याच्या मजुराचा पगार लांबतो. २०२५मध्ये राज्यभरातल्या कंत्राटदार संघटना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर आल्या होत्या, त्याच महिन्यांत कर्जाचं प्रमाण मर्यादेत असल्याचं सांगितलं जात होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तूट कमी करायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे: देणं देऊ नका. त्याला कुठल्याही सभागृहाची मंजुरी लागत नाही.

आमच्याकडे टेक्निकल डेट नावाची गोष्ट असते. घाईत काहीतरी जुगाड करायचा, पुढे नीट करू म्हणायचं. त्यात वाईट काही नाही, पण बोर्डवर त्याचं तिकीट लावायचं. तिकीट न लावलेली उधारी कुणीतरी नवीन मुलगा रात्री दोन वाजता फेडतो.

हे विचार डोक्यात असताना गोपाळ कृष्ण गोखल्यांचं १९०२चं भाषण हाती आलं. शाळेत गोखले म्हणजे 'नेमस्त' आणि 'गांधीजींचे गुरू', दोन गुणांचा प्रश्न. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात, लॉर्ड कर्झनच्या कौन्सिलात, पस्तिशीतला हा माजी गणिताचा प्राध्यापक अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलायला उभा राहिला. मतदानाचा हक्क नव्हता, फक्त बोलता येत होतं. सरकारकडे तेव्हा तूट नव्हती, उलट वर्षामागून वर्षं भरघोस शिल्लक पडत होती. सगळे अर्थसदस्यांचं अभिनंदन करत होते. गोखल्यांनी अभिनंदन करायला नकार दिला.

त्यांचा मुद्दा मला वाचताक्षणी कळला, कारण तो पाटल्यांचाच मुद्दा होता. शिल्लक आली कुठून? १८९३मध्ये सरकारने टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. रुपया कृत्रिमरीत्या महागला, तेरा पेन्सांच्या आसपास होता तो सोळा पेन्सांवर गेला. सरकारला लंडनला पौंडांत पैसे पाठवावे लागत. एका पौंडाचे २४० पेन्स. तेराच्या भावाने त्याला साडेअठरा रुपये लागत, सोळाच्या भावाने पंधरा. प्रत्येक पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. पण रुपया घसरत होता तेव्हा त्या निमित्ताने वाढवलेले कर उतरवले गेले नाहीत. मिठावरचा कर १८८८मध्ये मणाला दोनवरून अडीच रुपये केला होता, तो तसाच राहिला. आणि शेतसारा तोच असला तरी रुपया महागल्यावर तो भरायला शेतकऱ्याला जास्त धान्य विकावं लागतं. वर १८९६ आणि १८९९चे दुष्काळ. म्हणजे तिजोरीत जी शिल्लक दिसत होती ती शेतकऱ्याच्या कणगीतून आली होती. गोखल्यांच्या मते अशी शिल्लक दुहेरी अन्याय होती: लोक हालात असताना ती घेतली, आणि वर ती दाखवून देश सुखात आहे असं म्हणता आलं.

लेखन म्हणूनही ते भाषण पाहण्यासारखं आहे. त्यात विशेषणं कमी, कोष्टकं जास्त. हे आकडे जमवण्यात सोलापूरच्या शाळेतल्या गणेश व्यंकटेश जोशी यांची मोठी मदत होती, आणि ते त्या कौन्सिलात कधी दिसले नाहीत. (गोखल्यांची स्तुती करताना आपण जोशींना विसरतो, हे आमच्या धंद्यात फार ओळखीचं आहे.) गोखले सरकारला बेशिस्त म्हणत नाहीत. ते सरकारचेच आकडे घेतात आणि प्रत्येक आकड्याला विचारतात, तू कुणाच्या घरून आलास? आजच्या वाहिन्यांवरच्या चर्चेत हा प्रश्न मी ऐकलेला नाही. तिथे एक बाजू तूट वाढली म्हणते, दुसरी प्रमाण घटलं म्हणते.

गोखल्यांमध्ये मला एक कमतरता वाटते. त्यांच्यासमोरचं सरकार परकं होतं, त्यामुळे घेणारा आणि देणारा वेगळे, रेषा स्पष्ट. आपल्या सरकारात तशी रेषा नाही. मीच मत देतो, मीच फी घेतो, माझ्याच पाटल्या जातात. इथे बाबासाहेब आंबेडकर जास्त उपयोगी पडतात. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ साली पुस्तक म्हणून आला. त्यात त्यांनी दाखवलंय की १८३३नंतर महसूल सगळा वरच्या सरकारचा आणि खर्च प्रांतांच्या हातून, अशी रचना झाली. जमवण्याची जबाबदारी नाही, मग काटकसरीचं कारण उरत नाही. जो जास्त मागेल त्याला जास्त. जीएसटी आल्यापासून म्हणजे जुलै २०१७पासून राज्यांच्या स्वतःच्या हातात कराची मोजकी साधनं उरलीत: मुद्रांक शुल्क, दारू, पेट्रोल-डिझेल, वाहनं. केंद्राचं देणं बाकी असेल तर नवं कर्ज काढायलाही राज्यघटनेच्या २९३व्या कलमाप्रमाणे केंद्राची संमती लागते. घोषणा मात्र हव्या तेवढ्या करता येतात. अशा रचनेत राज्याचा अर्थमंत्री कुणीही असो, अंथरूण लांब करायला तो दारूच्या दुकानाकडेच बघणार. आंबेडकरांचा तो प्रबंध आजच्या अर्थमंत्र्यांनी वाचला तर त्यांना तक्रार करायला चांगली भाषा मिळेल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता खोपट. आमच्या खिडकीतून एसटीच्या डेपोचं एक टोक दिसतं. पहाटेचा गाड्या सुरू व्हायचा आवाज हा आमच्या घरचा गजर. जून २०२५मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक, जे ठाण्याचेच आमदार, यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली. संचित तोटा १० हजार ३०० कोटींच्या वर. मला ती श्वेतपत्रिका अर्थसंकल्पाच्या भाषणापेक्षा सरस वाटली. तिच्यात कविता नाही, तोटा पहिल्यापासून समोर आहे, आणि कर्मचाऱ्यांची थकलेली देणीही मांडली आहेत.

एसटीत मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याआधी, ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट. सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते. वेळेवर दिली तर सरकारचा महसुली खर्च. उशिरा दिली तर एसटी डिझेलवाल्याला थांबवणार, भविष्य निर्वाह निधीचा भरणा लांबवणार. सवलत जाहीर करतो एक, टाळ्या घेतो तोच, आणि उधारी राहते ड्रायव्हरच्या नावावर. मला सवलतीबद्दल तक्रार नाही. गर्दी पाहिली तर कळतं की बायका आधी प्रवासच करत नव्हत्या. तक्रार आहे ती ज्या कागदावर सवलत लिहिली त्याच कागदावर थकबाकी लिहिली जात नाही याची. प्रत्येक अर्थसंकल्पासोबत एक साधं पान हवं: आमच्याकडे कुणाचं किती, किती दिवसांपासून थकलंय. विद्यार्थी, कंत्राटदार, एसटी, पाणीयोजना, नगरपालिका. ते पान जोडलं तर त्या दिवशी महाराष्ट्राची परिस्थिती वाईट दिसेल. पण कर्ज कमी करायचं काम तिथूनच सुरू करता येईल, कारण आत्ता जे 'कमी' झालंय त्यातलं किती खरंच कमी झालंय आणि किती नुसतं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलंय, हे आपल्याला ठाऊकच नाही.

मुरबाडहून माझी आत्या महिन्यातून एकदा येते. गेल्या वेळी तिला डेपोपर्यंत सोडायला गेलो होतो. तिने ग्रुपवरचा तोच फॉरवर्ड माहेरच्या ग्रुपवर वाचला होता.

"एवढं कर्ज झालंय म्हणतात. मग आमचं अर्धं तिकीट बंद करतील का रे?"

"तिकीट नाही बंद करणार बहुतेक."

"मग काय करतील?"

मी तिला पाटल्यांची आठवण दिली. ती गप्प झाली. त्या पाटल्या गहाण ठेवायला आईबरोबर तीच गेली होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. "व्याज किती गेलं, ते तुझ्या बाबांनी वहीत लिहून ठेवलंय," ती म्हणाली, "आईला विचार." गाडी लागली. कंडक्टरने तिच्या हातात अर्ध्या रकमेचं तिकीट दिलं, तिने ते घडी घालून पाकिटात ठेवलं.

वही सापडली. व्याज ७ हजार ४०० रुपये.